कामावरचा गैरप्रकार उघड करताना: आधी स्वतःचं संरक्षण, मग तक्रार

नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या औद्योगिक पट्ट्यांतल्या कंपन्यांतून जी माणसं माझ्याकडे तक्रार लिहून घ्यायला येतात, त्यांतली बहुतेक उशिरा येतात. साहेबांशी बोलून झालेलं असतं, ग्रुपवर फोटो टाकून झालेले असतात आणि सोमवारी सकाळी गेटवर सिक्युरिटीने कार्ड काढून घेतलेलं असतं. मग प्रश्न येतो, "जागल्यांना संरक्षण देणारा कायदा आहे ना?"

आहे, आणि नाहीही. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा केंद्राचा कायदा २०१४ साली झाला, पण तो लागू करण्याची अधिसूचना निघालेली नाही. उद्या ती निघाली तरी त्यात फक्त लोकसेवकांचा गैरव्यवहार येतो, खासगी कंपनी येत नाही. म्हणजे आज संरक्षण आहे ते तुकड्यातुकड्यांत. कंपनी कायद्यात थोडं, कामगार कायद्यात थोडं, केंद्राच्या २००४ च्या ठरावात थोडं. तुमची तक्रार कितीही खरी असली तरी संरक्षण मिळतं ते ती योग्य दारातून आत गेल्यावरच. चुकीच्या दारातून गेलेली खरी तक्रार माणसाला उघड्यावर टाकते. म्हणून खालचा क्रम पाळा. कायद्यांची नावं नंतर शोधता येतात, चुकलेला क्रम मात्र सहसा दुरुस्त होत नाही.

१. तोंड उघडण्याआधी स्वतःचे कागद जमवा

गैरप्रकाराचा पुरावा नंतर. आधी तुम्ही कोण आहात आणि आजवर तुमचं काम कसं होतं, याचा पुरावा घरी आणून ठेवा. नेमणूक पत्र, कायम केल्याचं पत्र, गेल्या वर्षभराच्या पगार पावत्या, पीएफचा यूएएन आणि पासबुक, ईएसआय क्रमांक, ओळखपत्राचा दोन्ही बाजूंचा फोटो, पगारवाढीची पत्रं, कौतुकाचा एखादा ईमेल. कंत्राटी असाल तर ठेकेदाराचं नाव, त्याने दिलेला गेट पास आणि पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदी.

हे का? सूड उगवला जातो तेव्हा "गैरप्रकार सांगितला म्हणून काढलं" असं कोणी लिहीत नाही. "काम समाधानकारक नाही" असं लिहितात. दहा वर्षांत एकही मेमो नसलेल्या माणसाचं काम तक्रारीनंतर तीन आठवड्यांत अचानक कसं बिघडलं, हा प्रश्न न्यायालयाला पडायला हवा असेल तर ती दहा वर्षं कागदावर दिसली पाहिजेत. गेट बंद झालं की कंपनीचा ईमेल आणि एचआरचं पोर्टल त्याच दिवशी बंद होतं. तेव्हा पगार पावतीसुद्धा मिळत नाही.

तपासा: हे सगळे कागद कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीने दिलेल्या फोनमध्ये ठेवले नाहीत ना? घरात एक फाईल आणि विश्वासाच्या माणसाकडे दुसरी प्रत, एवढं पुरे.

२. गाऱ्हाणं आणि गैरप्रकार वेगळे करा

एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे तुमच्यावर झालेला अन्याय लिहा: बढती नाकारली, ओव्हरटाइम दिला नाही, साहेब घालूनपाडून बोलतात. उजवीकडे इतरांना किंवा जनतेला धोका पोचवणारी गोष्ट लिहा: खोटे टेस्ट रिपोर्ट, रात्री नाल्यात सोडलं जाणारं सांडपाणी, पगारातून कापूनही न भरलेला पीएफ, बिलांतले खोटे आकडे, लाच.

तक्रारीत फक्त उजवी बाजू जाते. दोन्ही एकत्र केल्या की समोरचा वकील पहिल्याच पानावर म्हणतो, "याला प्रमोशन मिळालं नाही, म्हणून हा बोलतोय." डावी बाजूही खरी असते आणि तिच्यासाठी लढायलाच हवं, पण वेगळ्या अर्जात.

स्त्रीवर कामाच्या ठिकाणी झालेला लैंगिक छळ यात मिसळू नका. त्याला २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा मागता येते आणि तक्रारदाराचं नाव उघड करायला कायद्यानेच बंदी आहे.

३. पुरावा गोळा करा, पण उचलू नका

सगळ्यात जास्त माणसं या पायरीवर अडकतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटीला असलेला एक मुलगा माझ्याकडे चाळीसेक फोटो घेऊन आला होता. लीक टेस्ट न करताच रजिस्टर भरलं जात होतं. त्यातलं एकच पान खरं कामाचं निघालं. सकाळ, दुपार, रात्र अशा तिन्ही पाळ्यांच्या नोंदी, खाली तीन वेगळ्या सह्या, पण सगळे आकडे एकाच निळ्या बॉलपेनचे आणि एकाच हाताचे. चारचा आकडा वरून उघडा ठेवायची त्या हाताची सवय तिन्ही पाळ्यांत दिसत होती. बाकी एकोणचाळीस फोटोंची गरज नव्हती. आणि त्या एका फोटोच्या कोपऱ्यात पान दाबून धरलेला त्याचा डावा हात आला होता, मनगटावर लाल दोरा आणि तडा गेलेल्या काचेचं घड्याळ. लाइनवरच्या कुणीही ते घड्याळ ओळखलं असतं. तो फोटो त्याने आधीच दोन मित्रांना पाठवला होता.

तर नियम असे.

मूळ कागद कधीही बाहेर आणू नका. रजिस्टर, फाईल, नमुन्याचा तुकडा, काहीही. भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरण्यासाठी कलम ३०६ आहे. ते लागलं की चर्चा गैरप्रकाराची राहत नाही, तुमच्या चोरीची होते.

कंपनीच्या सर्व्हरवरून फाईली पेनड्राइव्हवर उतरवू नका आणि स्वतःच्या जीमेलला पाठवू नका. कोणत्या वेळी कोणत्या मशीनवरून काय गेलं, याची नोंद आयटी विभागाकडे राहते. परवानगीशिवाय संगणकातून माहिती उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं आणि हेतू अप्रामाणिक होता असं दाखवलं गेलं तर कलम ६६ खाली गुन्हा ठरतो.

मग करायचं काय? पत्ता लिहून घ्या. कोणतं रजिस्टर, कोणतं पान, कोणती तारीख, कोणता बॅच क्रमांक, कोणत्या कपाटात, किल्ली कुणाकडे. चौकशी अधिकाऱ्याला कागद जप्त करण्याचा अधिकार असतो. कुठे हात घालायचा, एवढं त्याला नेमकं कळलं पाहिजे. "बरेच रिपोर्ट खोटे आहेत" यापेक्षा "१४ तारखेच्या रात्रपाळीचं पान पाहा, त्या रात्री कॉम्प्रेसर बंद होता आणि मेंटेनन्सच्या लॉगबुकात त्याची नोंद आहे" हे वाक्य शंभर पट जड आहे. दोन वेगळ्या वह्या एकमेकींना खोटं पाडतात, तो पुरावा नाहीसा करणं फार कठीण असतं.

एक शिवलेली वही घ्या, सुट्या कागदांची नको. पानांना क्रमांक घाला. रोज घरी आल्यावर तारीख आणि वेळ टाकून लिहा. डोळ्यांनी पाहिलं ते "पाहिलं", कुणाकडून ऐकलं ते "अमुक म्हणाला". खाडाखोड झालीच तर एक रेघ मारून बाजूला सही करा. पान फाडू नका.

कामाच्या ओघात तुमच्याच फोनमध्ये आलेले संदेश किंवा फोटो असतील तर तो फोन जपा. विकू नका, रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते सोपं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे ढकललेल्या फोटोतली मूळ वेळेची माहिती निघून जाते, त्यामुळे प्रत काढायची तर केबल लावून काढा.

सावध: पुरावा वाढवण्याच्या नादात साहेबांना बोलतं करायला जाऊ नका. तुमच्या प्रश्नांवरूनच त्यांना सुगावा लागतो.

४. दार निवडा

आता वही बंद करून एकच प्रश्न विचारा: तुमचा मालक नेमका कोण? नाशिकमध्ये याची उत्तरं खूप वेगवेगळी येतात आणि प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

केंद्र सरकारची संस्था. ओझरचं एचएएल, नाशिकरोडच्या दोन्ही प्रेस, रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका, केंद्राची कार्यालयं. यांच्यासाठी २१ एप्रिल २००४ चा ठराव आहे, ज्याला सगळे पीआयडीपीआय (जनहितासाठी माहिती उघड करणं आणि माहिती देणाऱ्याचं संरक्षण) म्हणतात. तक्रार थेट केंद्रीय दक्षता आयोगाकडे जाते, आयोग तुमचं नाव गुप्त ठेवतो आणि तक्रारीमुळे त्रास झाला तर आयोगाकडेच दाद मागता येते. माझ्या मते आज उपलब्ध असलेल्या दारांत नाव झाकण्याच्या बाबतीत हे सर्वांत भक्कम. पण ते राज्य सरकारला लागू नाही. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याने दिल्लीला लिफाफा पाठवून उपयोग नाही. एकलहऱ्याचं वीज केंद्रही राज्याच्या कंपनीचं आहे, हे बरेच जण विसरतात.

राज्य सरकार, महापालिका, जिल्हा परिषद. लाचेचा विषय असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री क्रमांक १०६४, नाशिकला त्यांचं परिक्षेत्र कार्यालय आहे. बळजबरीने लाच द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि ही सात दिवसांची सवलतच त्याला वाचवते. पैसे अजून दिले नसतील तर आधी विभागाकडे जा, सापळा त्यांना लावू द्या. प्रशासनातल्या इतर गैरकारभारासाठी लोकायुक्त आहेत.

शेअर बाजारात नोंदलेली किंवा मोठी कर्जदार कंपनी. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १७७ इथे कामी येतं. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, जनतेकडून ठेवी घेणारी कंपनी आणि बँका-वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांपेक्षा जास्त कर्ज घेतलेली कंपनी, या तिघांना दक्षता यंत्रणा ठेवणं बंधनकारक आहे. ती वापरणाऱ्याला त्रास होणार नाही याची तजवीज त्या यंत्रणेत असलीच पाहिजे आणि खास प्रसंगी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे थेट जाता आलं पाहिजे. कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या पानात 'व्हिसलब्लोअर पॉलिसी' किंवा 'विजिल मेकॅनिझम' शोधा. धोरण पूर्ण वाचा, विशेषतः कंत्राटी माणसं आणि पुरवठादार त्यात येतात का ते. अंबडमधला छोटा युनिट स्वतः या कक्षेत नसला तरी तो ज्या मोठ्या कंपनीला माल देतो, तिच्या धोरणात पुरवठादाराकडचा गैरप्रकार बसत असतो, हे अनेकदा आढळतं.

खासगी किंवा परदेशी बँकेतल्या कर्मचाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेची २००७ पासूनची संरक्षित प्रकटीकरण योजना आहे.

बाकी खासगी कारखाने. हे दार सर्वांत अरुंद आणि नाशिकमधली सर्वांत जास्त माणसं इथेच उभी असतात. जागल्या म्हणून वेगळं कवच नाही. तक्रार विषयाप्रमाणे जाते. सुरक्षिततेची औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, सांडपाण्याची महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, पीएफची भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे, वेतन आणि ठेकेदारीची कामगार उपायुक्तांकडे. अर्जात "तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवावं" ही स्पष्ट विनंती लिहा. युनियन असेल तर अर्ज युनियनच्या लेटरहेडवर जाऊ द्या. एकट्याची सही टाळता येत असेल तर टाळाच.

सावध: त्याच एका फाईलबद्दल स्वतःच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. तो अर्ज ज्या टेबलावर जातो, तिथूनच तुमचं नाव फिरतं.

तपासा: तुम्ही कायद्याच्या अर्थाने 'कामगार' आहात का? हे पदनामावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' असलेला माणूस दिवसभर मशीन चालवत असेल तर तो कामगार असू शकतो. उलट, पर्यवेक्षकाचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस नव्या औद्योगिक संबंध संहितेत कामगार राहत नाही. सातव्या पायरीवर हा मुद्दा निर्णायक ठरतो, म्हणून दार निवडतानाच वकिलाला विचारा. फीची चिंता असेल तर नाशिकच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना वकील मोफत मिळतो. औद्योगिक कामगार त्या यादीत आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

५. तक्रार लिहा

दोन पानांच्या आत. पहिल्या परिच्छेदात काय चाललंय, कुठे, केव्हापासून. पुढे तारीखवार घटना, प्रत्येकीला क्रमांक. मग पुरावा कुठे सापडेल. शेवटी तुमची नेमकी मागणी: तपासणी करा, नमुने घ्या, अमुक रजिस्टर ताब्यात घ्या.

विशेषणं काढून टाका. "भ्रष्ट", "नालायक", "संगनमताने" हे शब्द तुम्हाला सिद्ध करावे लागतात. "मी पाहिलं की" हे करावं लागत नाही, ती साक्ष असते. ज्याबद्दल खात्री नाही तिथे "मला असं वाटतं, कारण" असं लिहा. जाणूनबुजून खोटी माहिती लोकसेवकाला देणं हा गुन्हा आहे, पण प्रामाणिकपणे केलेली तक्रार तपासात टिकली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. तुमच्या भाषेतला संयम पुढे तुमच्या सद्हेतूचा पुरावा होतो.

बदनामीच्या खटल्याची भीती सगळेच घालतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येच अपवाद आहे: ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्हेतूने केलेला आरोप बदनामी ठरत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर, फेसबुकवर किंवा चहाच्या टपरीवर केलेल्या आरोपाला हा अपवाद नाही. तोच मजकूर, तेच शब्द, पण वाचणारा बदलला की कायदा बदलतो.

तपासा: मजकुरातून तुमची ओळख पटते का? "मी दोन तारखेला रात्रपाळीला एकटाच होतो, तेव्हा" असं वाक्य असेल तर खाली नाव नसलं तरी ते असल्यासारखंच आहे. वाक्य फिरवा.

६. दाखल करा आणि पोच घ्या

प्रत्यक्ष कार्यालयात देत असाल तर दोन प्रती न्या. एक त्यांची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. "ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील" असं म्हटलं तर ठेवून येऊ नका. तिथून निघून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती व पोचल्याची ऑनलाइन नोंद जपून ठेवा. कंपनीच्या दक्षता यंत्रणेकडे ईमेलने जात असेल तर स्वतःच्या खासगी ईमेलवरून, स्वतःच्या घरच्या इंटरनेटवरून पाठवा.

पीआयडीपीआयची पद्धत मात्र उलटी आहे आणि तिथे थोडीही चूक झाली की नावाचं कवच जातं. तक्रार बंद लिफाफ्यात. लिफाफ्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत PIDPI. पत्ता: सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, जीपीओ कॉम्प्लेक्स, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. लिफाफ्यावर तुमचं नाव-पत्ता लिहायचा नाही. टपाल कार्यालयाने अशा लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचं नाव मागू नये, अशी सूचना आहे. काउंटरवरच्या माणसाला ठाऊक नसेल तर शांतपणे पोस्टमास्तरांना भेटा. तुमचं नाव-पत्ता आत, तक्रारीच्या सुरुवातीला किंवा शेवटी, नाहीतर वेगळ्या चिठ्ठीवर. निनावी तक्रार घेतली जात नाही. आयोग पुढे तुम्हालाच पत्र पाठवून विचारतो की तक्रार तुमचीच आहे का. त्या पत्राला वेळेत उत्तर दिलं नाही तर सगळं तिथेच थांबतं, म्हणून पत्ता असा द्या जिथे टपाल तुमच्याच हाती पडेल. कंपनीच्या कॉलनीतला नको.

त्यानंतर स्मरणपत्रं पाठवत बसू नका आणि त्याच मजकुराची प्रत मंत्री, खासदार, वर्तमानपत्र अशी चारी दिशांना पाठवू नका. ज्या क्षणी तुम्ही ती स्वतः वाटता, त्या क्षणी गुप्ततेला अर्थ उरत नाही. लोकांना वाटतं जास्त ठिकाणी गेली की दबाव वाढेल. वाढतो, पण तो तक्रारदारावर.

७. सूड सुरू झाला तर

तो सहसा मोठ्या आवाजात येत नाही. आधी पाळी बदलते, मग पुण्याला नाहीतर दुसऱ्या प्लांटला बदली, मग कारणे दाखवा नोटीस. प्रत्येकाचं उत्तर लेखी आणि मुदतीत द्या. रागाच्या भरात नाही आणि तोंडी तर नाहीच.

राजीनाम्यावर सही करू नका. एचआरच्या खोलीत बसवून "आत्ता सही करा, अनुभवाचं पत्र चांगलं देतो" असं सांगतात. राजीनामा दिला की तुम्हाला काढलंच नाही असं होतं आणि मग लढायला जागा राहत नाही. "विचार करून उद्या सांगतो" एवढंच बोला आणि उठा. बळजबरीने सही घेतलीच तर त्याच रात्री ईमेल करा की ती दबावाखाली घेतली आहे.

गेटवर अडवलं तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही, कंपनीला ईमेल आणि स्पीड पोस्ट: "आज इतक्या वाजता मी कामावर आलो, मला आत सोडलं नाही, मी कामावर यायला तयार आहे." पुढचे काही दिवसही वेळेवर गेटवर जा, बाहेरच्या रस्त्यावरून वेळ दिसेल असा फोटो काढा. हे का सांगतो? कारण महिनाभराने पत्र येतं की तुम्ही न सांगता गैरहजर होता. घरी बसून वाट पाहिलेल्या माणसाकडे त्याला उत्तर नसतं.

निलंबन झालं आणि स्थायी आदेश (कारखान्यातल्या सेवाशर्तींचे कायदेशीर नियम) लागू असतील तर निर्वाह भत्ता मागा: पहिले ९० दिवस निम्मं वेतन आणि चौकशी तुमच्यामुळे रखडली नसेल तर पुढे ७५ टक्के. अंतर्गत चौकशीला हजर राहा. आरोपाच्या कागदांच्या प्रती, साक्षीदारांची उलटतपासणी आणि सोबत बचाव प्रतिनिधी मागा. नाकारलं तर नाकारल्याचं त्या दिवसाच्या कामकाजाच्या कागदावर लिहून मगच सही करा.

आता मुख्य हत्यार. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा कायदा आहे, न्यायालयात ज्याला सगळे 'यूएलपी' म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीत सूडबुद्धीने कामावरून काढणं, खोट्या फौजदारी प्रकरणात गुंतवणं, विनापरवानगी गैरहजेरीचा खोटा आरोप करून काढणं आणि धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने बदली करणं, हे सगळं नाव घेऊन लिहिलेलं आहे. काढून टाकल्याची तक्रार कामगार न्यायालयात, बदलीची औद्योगिक न्यायालयात. दोन्ही नाशिकमध्येच आहेत. अंतरिम आदेश मागता येतो, म्हणजे निकाल लागेपर्यंत बदली थांबू शकते.

मुदत ९० दिवस. घटना घडली त्या दिवसापासून, तुम्हाला वकील सापडला त्या दिवसापासून नाही. "साहेब म्हणाले दिवाळीनंतर परत घेतो" यात ही मुदत गेलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत आणि त्यांच्या बाजूने सगळं असूनही त्यांना विलंब माफीच्या अर्जापासून सुरुवात करावी लागली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्या दुसऱ्या अनुसूचीतही सूडबुद्धीने काढणं ही अनुचित प्रथाच आहे. तुमचा अर्ज कोणत्या कायद्याखाली बसवायचा हे वकिलाला ठरवू द्या, पण ९० दिवसांची रेघ मात्र स्वतः कॅलेंडरवर मारा. आणि एकाच घटनेसाठी दोन कायद्यांखाली दोन अर्ज टाकू नका. यूएलपी लावली की त्याच विषयाचा दुसरा रस्ता बंद होतो.

व्यवस्थापक किंवा अधिकारी असाल तर ही न्यायालयं तुमची नाहीत. पण कंपनीच्या कारभाराची कंपनी कायद्याखाली सरकारी चौकशी चालू असेल तर कलम २१८ बघा. त्या काळात कर्मचाऱ्याला काढायचं, निलंबित करायचं किंवा शिक्षा करायची तर कंपनीला आधी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी मागावी लागते. न्यायाधिकरणाने ३० दिवसांत हरकत कळवली नाही तर कंपनी पुढे जाऊ शकते, म्हणून गप्प बसू नका, आपली बाजू तिथे लगेच मांडा.

८. जिवाला धोका वाटत असेल तर

२५ जानेवारी २०११ रोजी आपल्याच जिल्ह्यात, मनमाडजवळच्या पानेवाडीत, इंधनाची भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. हातात अधिकार असलेल्या माणसाचं हे झालं. टँकर, वाळू, भंगार, घातक कचरा, जिथे रोख पैशाची टोळी आहे तिथे एकट्याने शूटिंग करायला जाऊ नका. रात्री तर नाहीच. वहीत वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहा, बाकी काम यंत्रणेचं.

धमकी आली तर फोन क्रमांक, वेळ आणि नेमके शब्द लिहून पोलिसांकडे जा. सातपूर-अंबड शहर पोलीस आयुक्तालयात येतं, सिन्नर, गोंदे, दिंडोरी ग्रामीण अधीक्षकांकडे. चुकीच्या ठिकाणी गेलात तर दिवस वाया जातो. गंभीर गुन्ह्यात तुम्ही साक्षीदार असाल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी ती देशभर लागू केली. जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात, पोलीस धोक्याचा अहवाल देतात आणि त्यावरून घराभोवती गस्त, अंगरक्षक किंवा ओळख लपवण्यापर्यंतचे उपाय ठरतात.

अर्जाला धमकीच्या तक्रारीची प्रत जोडलेली बरी. त्यामुळे पोलीस ठाण्यातून निघण्याआधी एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) किंवा एफआयआरची प्रत हातात घ्या, त्यावरचा क्रमांक आणि तारीख तिथेच उभं राहून वाचा, आणि घरी पोचल्यावर त्या वहीत उतरवून घ्या.